खाद्यपदार्थ उत्पादकांच्या संघटनेने मनुष्यबळ कक्ष कसा उभारावा : नागपूरच्या अनुभवातून मार्गदर्शन

नागपूर जिल्ह्यात खाद्यपदार्थ तयार करणारे उद्योग एका ठिकाणी एकवटलेले नाहीत. बुटीबोरी आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतींत नमकीन, बेकरी आणि मसाल्याचे कारखाने आहेत, कळमना बाजाराच्या आसपास डाळ मिल आहेत, काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याची प्रतवारी आणि प्रक्रिया चालते, तर इतवारीच्या गल्ल्यांत मिरची-हळद दळणाऱ्या चक्क्या आहेत. मोठी नावे सोडली, तर यातील बहुतेक ठिकाणी पंधरा ते ऐंशी माणसे काम करतात. तिथे मनुष्यबळ अधिकारी नसतो. माणसे ठेकेदार आणतो, जीएसटीचे विवरण भरणारा हिशेबनीसच भविष्य निर्वाह निधीचा भरणा करतो आणि नवीन माणसाला काम शिकवण्याची जबाबदारी जुन्या माणसावर, त्याच्या सवडीनुसार, पडते.

अशा उद्योगांच्या संघटनेने रोजगार आणि कौशल्याच्या बाबतीत काय करावे आणि कसे करावे, हे संघटनेच्या पदाधिकाऱ्यांसाठी आणि सचिवांसाठी येथे मांडत आहे. अशा कामासाठी संघटनेत जो मनुष्यबळ कक्ष असतो, त्याचे काम मी काही वर्षे केले आहे. त्यातून माझी एक कसोटी तयार झाली : एकट्या सभासदाला जे परवडत नाही किंवा जमत नाही, तेवढेच काम संघटनेने हाती घ्यावे. पगार वाटणे, रजा मंजूर करणे, शिस्त लावणे ही मालकाची कामे आहेत आणि संघटना त्यांत शिरली की सभासदही दुखावतो आणि कामगारही. परंतु शिकाऊ उमेदवारांची नोंदणी, प्रशिक्षकाची सोय, बदललेल्या कायद्याचा अर्थ लावणे, हंगामाबाहेर माणसांना काम मिळवून देणे ही कामे पंचवीस कारखान्यांनी स्वतंत्रपणे पंचवीसदा करण्यात काहीच हशील नाही.

पदांची यादी आधी, शिबिर नंतर

बहुतेक संघटना कौशल्याच्या कामाची सुरुवात शिबिराने करतात. आम्हीही तेच केले होते. सीताबर्डीवरच्या एका सभागृहात दिवसभराचे प्रशिक्षण ठेवले, तज्ज्ञांना बोलावले, जेवणाची उत्तम व्यवस्था केली. साठेक जण आले, पण ते सारे मालक, त्यांची मुले आणि हिशेबनीस होते. ज्यांच्यासाठी तो विषय होता ती माणसे त्या वेळी तळणीवर, फळांचा गर काढणाऱ्या पल्परवर आणि पॅकिंगच्या टेबलावर उभी होती, कारण त्यांना एक दिवस मोकळे केले असते तर पाळीच बंद पडली असती. चूक आमची होती. कोणत्या कारखान्यात कोणते काम कोण करतो हे माहीत नसतानाच आम्ही शिकवायला निघालो होतो.

त्यामुळे कक्षातील माणसाने प्रथम प्रत्येक सभासदाकडे जाऊन अर्धा दिवस थांबावे. केबिनमध्ये बसून मालकाला ‘तुम्हाला कोणते कौशल्य हवे?’ असे विचारल्यास ‘चांगली माणसेच मिळत नाहीत’ हे उत्तर हमखास मिळते आणि त्यावरून काहीही ठरवता येत नाही. त्याऐवजी कच्चा माल उतरतो तिथून निघावे आणि तयार पेटी गाडीत चढते तिथपर्यंत सुपरवायझरबरोबर चालत जावे. प्रत्येक जागी उभ्या असलेल्या माणसाचे काम दोन ओळींत लिहावे, तो काय मोजतो, काय पाहतो, काय चाखतो हे टिपावे आणि सुपरवायझरला एकच प्रश्न विचारावा : हा माणूस उद्या आला नाही, तर हे काम कोण करेल?

या प्रश्नाचे महत्त्व मला संत्र्याच्या एका कारखान्यात कळले. नागपुरी संत्र्याचा रस काढताना गोड लागतो, पण काही तासांनी कडवट होऊ शकतो. संत्र्याच्या बिया आणि पांढरा पापुद्रा यांत असलेले एक चवहीन द्रव्य रसातील आम्लामुळे हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलते आणि रस तापवला की ही क्रिया आणखी वेगाने होते. म्हणून रस काढताना दाब जास्त झाला आणि बिया भरडल्या गेल्या, तर नुकसान त्या क्षणी दिसत नाही, बाटल्या भरून झाल्यावर दिसते. त्या कारखान्यात यंत्राजवळ उभी असणारी एक बाई केवळ आवाजावरून हे ओळखत असे. ‘बिया फुटून राहिल्या, दाब कमी करा,’ असे ती म्हणाली की फिटर निमूटपणे चावी फिरवी. बहिणीच्या लग्नासाठी ती आठवडाभर रामटेकला गेली, आणि त्या आठवड्यातला माल कडू निघाला म्हणून परत आला. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ‘हेल्पर’ असे लिहिलेले होते.

आम्ही तिच्याजवळ दोन दिवस बसून तिचे काम कागदावर उतरवले : दाब किती ठेवायचा, चाळणी केव्हा बदलायची, चोथ्यात फुटलेल्या बिया दिसतात का हे दर अर्ध्या तासाने कसे पाहायचे, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेचे प्रमाण, किती यायला हवा आणि प्रत्येक घाण्यातला एक पेला बाजूला ठेवून चार तासांनी तो चाखून कसा पाहायचा. हे पान यंत्रावर चिकटवले आणि तिच्या हाताखाली दोन मुली शिकायला दिल्या. तिचे पद ‘यंत्रचालक’ असे बदलावे आणि त्यानुसार पगार द्यावा, ही शिफारसही आम्ही केली व मालकाने ती मानली. कामाचे खरे नाव कागदावर आले नाही, तर त्या कामाचे प्रशिक्षणही मागता येत नाही आणि मोलही ठरत नाही.

अशी यादी तयार झाली की ज्या पदावर एकच जाणता माणूस आहे, त्याभोवती तांबडे वर्तुळ करावे. सगळ्या सभासदांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या की संघटनेच्या वर्षभराच्या कामाचा आराखडा समोर उभा राहतो. आमच्या यादीत सर्वाधिक वर्तुळे तीन ठिकाणी पडली होती : बॉयलर अटेंडंट, पॅकिंग यंत्राचा फिटर आणि गुणवत्ता तपासणारा. यांपैकी बॉयलरचे काम प्रमाणपत्रधारक माणसाशिवाय चालवता येत नाही आणि ते योग्यही नाही, त्यामुळे तो रजेवर गेला की लहान कारखान्याची कुचंबणा होते. आम्ही जिल्ह्यातील प्रमाणपत्रधारक, पण निवृत्त किंवा अर्धवेळ काम शोधणाऱ्या अटेंडंटांची यादी करून रजेच्या दिवसांसाठी बदली मिळवून देण्याची सोय केली. या एका सोयीमुळे संघटनेवर सभासदांचा जितका विश्वास बसला, तितका कोणत्याही परिसंवादाने बसला नव्हता.

कक्षात कोण बसावे

कक्षासाठी पूर्णवेळ एक माणूस नेमावा. तो वकील किंवा व्यवस्थापनाचा पदवीधरच असावा असे नाही; कारखान्यात काम केलेला, कामगाराशी त्याच्या भाषेत बोलणारा आणि संकेतस्थळांवर अर्ज भरण्याचा कंटाळा न करणारा माणूस अधिक उपयोगी पडतो. कामगार कायद्यासाठी आणि भविष्य निर्वाह निधीसाठी एकेक सल्लागार ठरावीक मासिक मानधनावर ठेवावा. सभासदाचा फोन आल्यावर त्याच दिवशी उत्तर मिळाले पाहिजे, हा नियम मात्र कसोशीने पाळावा.

कायद्याची एक पानाची मराठी माहिती

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या चार कामगार संहिता देशभर अमलात आल्या आहेत. लहान उत्पादकाला त्या मुळातून वाचण्याची सवड नसते. म्हणून प्रत्येक बदलावर एका पानाची मराठी टिपण काढून ती सभासदाच्या हिशेबनिसापर्यंत पोहोचवणे, हे कक्षाचे नियमित काम असावे. राज्याचे नियम अधिसूचित होतील तसतशी ही टिपण बदलत न्यावी आणि प्रत्येक टिपणीवर तारीख घालावी, नाहीतर जुना कागद भिंतीवर राहतो आणि त्यावर विसंबून चुका होतात.

खाद्य उद्योगाला थेट लागू पडणाऱ्या काही गोष्टी आधी समजावून सांगाव्यात. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे आता बंधनकारक आहे, आणि आमच्या भागात नेमके तेच सर्वांत कमी ठिकाणी दिले जात असे. भत्त्यांचा वाटा एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांहून अधिक झाला, तर वरची रक्कम वेतनात धरली जाते आणि त्याचा परिणाम भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटीवर होतो. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटी मिळते. ५० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होतात. मुख्य उत्पादनाच्या कामावर कंत्राटी माणसे लावण्यावर बंधन आहे, मात्र कामाचा अचानक वाढलेला भार हा त्याला अपवाद आहे. हंगामात चालणाऱ्या कारखान्यांनी हा अपवाद नीट समजून घ्यावा आणि वर्षभर चालणाऱ्या कामाला त्याचा आधार घेऊ नये, असे आमचे स्पष्ट सांगणे असते.

जुने आकडेही अनेकांना ठाऊक नसतात. १० कामगार झाले की कर्मचारी राज्य विमा योजना आणि २० झाले की भविष्य निर्वाह निधी लागू होतो. विमा योजनेत मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार येतो, त्यात मालकाचा वाटा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के असतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलत आला आहे, त्यामुळे त्या दोन महिन्यांत कक्षाने नवे दर सभासदांना आपणहून कळवावेत. १० किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते आणि तिच्यात बाहेरची एक सदस्य लागते. ही बाहेरची सदस्य शोधणे लहान कारखान्याला कठीण जाते. संघटनेने या विषयाची जाण असलेल्या चार-पाच महिलांची यादी तयार ठेवावी, पण समितीच्या कामात स्वतः कधीही हस्तक्षेप करू नये.

स्वच्छतेचे प्रशिक्षण कामाच्या जागी

अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या फॉस्टॅक या प्रशिक्षण उपक्रमानुसार, राज्य किंवा केंद्राचा परवाना असलेल्या उद्योगात दर २५ अन्न हाताळणाऱ्यांमागे किमान एक प्रशिक्षित अन्नसुरक्षा पर्यवेक्षक असायला हवा. संघटनेचा उपयोग इथे सरळ आहे : दहा कारखान्यांतून दोन-दोन माणसे गोळा केली की एक वर्ग भरतो, प्रशिक्षकाचा खर्च विभागला जातो आणि वर्ग एखाद्या सभासदाच्याच कारखान्यात घेता येतो. २०११ च्या परवाना नियमावलीतील अनुसूची ४ नुसार प्रत्येक अन्न हाताळणाऱ्याची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करावी लागते. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मोफत करून द्यायची आहे. या दोन्ही तपासण्या एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांकडून, औद्योगिक वसाहतीतच करून घेतल्या तर कामगाराची रोजी बुडत नाही.

प्रमाणपत्र मिळवणे सोपे असते, पण वर्गात सांगितलेले मनात उतरवणे अवघड असते. एका मसाला कारखान्यात आमच्या प्रशिक्षकाने बायकांना सांगितले की उत्पादनाच्या जागी बांगड्या आणि दागिने चालणार नाहीत. नियम बरोबर होता, पण तो मकर संक्रांतीच्या आठवड्यात, नवीन चुडा भरलेल्या बायकांपुढे, हुकमाच्या सुरात सांगितला गेला. दुसऱ्या दिवशी सहा जणी कामावर आल्या नाहीत. त्यानंतर त्याच कारखान्यातल्या एका वयस्कर कामगार बाईने तो वर्ग पुन्हा घेतला. तिने चाळणीत सापडलेला हिरव्या काचेचा तुकडा कागदात जपून ठेवला होता. तो तिने हातोहात फिरवला आणि एवढेच विचारले, की हा आपल्या नातवाच्या पानात गेला असता तर? मग मार्ग सगळ्यांनी मिळूनच काढला. कपडे बदलण्याच्या खोलीत प्रत्येकीच्या नावाची कुलपाची पेटी ठेवली, काचेच्या बांगड्या तिथे काढून ठेवायचे ठरले आणि मंगळसूत्र बंद गळ्याच्या एप्रनच्या आत राहील अशी एप्रनची शिलाई बदलून घेतली. सहाही जणी परत आल्या. तेव्हापासून बाहेरच्या प्रशिक्षकाबरोबर त्याच कारखान्यातली एक जाणती कामगार असल्याशिवाय आम्ही वर्ग ठेवत नाही.

शिकाऊ उमेदवार : एकत्र येऊन घ्यावेत

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ आणि त्याखालील नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे, तर ४ ते २९ माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे. या संख्येत कंत्राटी माणसेही मोजली जातात, हे अनेक सभासदांच्या लक्षात येत नाही. ४० माणसांच्या कारखान्यात किमान एक आणि कमाल सहा उमेदवार बसतात. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के, पण दरमहा १,५०० रुपयांपर्यंतचा वाटा सरकार उचलते आणि तो थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो. उमेदवाराशी केलेला करार शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवलेला असला पाहिजे. तो नोंदवला नाही, तर ‘शिकाऊ’ म्हणून ठेवलेला मुलगा कायद्याच्या दृष्टीने साधा कामगारच ठरू शकतो आणि त्याच्या सर्व देण्यांची जबाबदारी मालकावर येते.

लहान उत्पादकाची अडचण अशी असते, की त्याच्या कारखान्यात शिकण्यासारखे काम अर्धेच असते. बेकरीत मळणी आणि भट्टी शिकता येते, पण प्रयोगशाळा नसते. मसाला कारखान्यात दळण आणि पॅकिंग असते, पण वाफेचे काम नसते. यावरची वाट मूळ अधिनियमातच आहे : अनेक मालकांना स्वतः किंवा मान्यताप्राप्त संस्थेमार्फत एकत्र येऊन शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण देता येते. संघटनेसाठी यापेक्षा अनुकूल तरतूद दुसरी नाही, आणि तरीही तिचा वापर फार थोड्या ठिकाणी होताना मी पाहिला आहे.

आम्ही ते असे बसवले. तीन कारखान्यांनी मिळून ‘ऐच्छिक व्यवसाय’ या प्रकारातला, म्हणजे उद्योगाने स्वतः आखायचा, एका वर्षाचा अभ्यासक्रम ठरवला. अशा अभ्यासक्रमाची मुदत ६ ते ३६ महिन्यांची ठेवता येते. पहिले काही आठवडे मूलभूत प्रशिक्षण, त्यानंतर साधारण चार-चार महिन्यांनी कारखाना बदल. प्रत्येक उमेदवाराजवळ एक वही दिली आणि तो जे शिकला ते त्या-त्या कारखान्याचा सुपरवायझर तिच्यात सहीनिशी लिहू लागला. वही महत्त्वाची आहे, कारण नाहीतर शिकाऊ मुलाला खोकी उचलायला लावले जाते आणि वर्ष संपते. दर महिन्याला कक्षातील माणसाने ती वही उघडून पाहावी. दोन महिने ‘पॅकिंग’ याशिवाय तिच्यात काही लिहिलेले नसेल, तर सुपरवायझरशी त्याच दिवशी बोलावे आणि तरीही फरक पडला नाही तर उमेदवार तिथून काढून घ्यावा. या बाबतीत सभासदाची भीड बाळगू नये.

उमेदवार आणायचे कुठून, हा प्रश्न सभासद नेहमी विचारतात. आयटीआयमधले फिटर, इलेक्ट्रिशियन आणि रेफ्रिजरेशन मेकॅनिक खाद्य कारखान्याला तितकेच लागतात जितके वाहन उद्योगाला, पण मुलांना ते कोणी सांगत नाही. म्हणून निकालानंतर नव्हे, तर शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच मुलांना कारखाना दाखवायला न्यावे, आणि पालकांनाही बोलवावे. पदवीच्या पातळीवर नागपूरची बाजू भक्कम आहे. १९४२ मध्ये सुरू झालेली आणि आता विद्यापीठ झालेली अमरावती मार्गावरील एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) अन्नतंत्रज्ञान शिकवते आणि त्याच मार्गावर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. या ठिकाणच्या अध्यापकांना आणि शास्त्रज्ञांना भाषणासाठी बोलावण्यापेक्षा एखादी नेमकी अडचण घेऊन त्यांच्याकडे जावे. रस कडू का होतो, हा प्रश्न घेऊन गेलात तर संवाद लगेच सुरू होतो.

जुन्या हातांना प्रमाणपत्र

वीस वर्षे भट्टीवर काढलेल्या माणसाकडे कोणताही कागद नसतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आधीच अवगत असलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची व्यवस्था आहे. थोडे मार्गदर्शन करून नंतर मूल्यमापन होते आणि प्रमाणपत्र मिळते. अन्नप्रक्रियेसाठीची पात्रतामानके फिक्सी ही क्षेत्रीय कौशल्य परिषद तयार करते. बेकिंग, लोणचे, जॅम-जेली-केचप अशा वेगवेगळ्या कामांची मानके तिच्याकडे आहेत. आपल्या यादीतली पदे या मानकांशी जुळवून पाहणे हे कक्षाचे काम आहे. मूल्यमापन मराठीतून आणि शक्य तिथे तोंडी व्हावे, असा आग्रह धरावा, कारण ज्याला तेलाचा रंग पाहून तळणी थांबवता येते त्याला परीक्षेच्या पानावरचा प्रश्न वाचता आला नाही म्हणून नापास करणे अन्यायाचे आहे.

हंगाम जोडणे

आमच्या उद्योगात रोजगाराचा सर्वांत अवघड भाग हंगामाचा आहे. अंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारीपासून. मिरची आणि मसाल्याचे काम उन्हाळ्यात वाढते, लोणची-पापडही तेव्हाच. नमकीन आणि मिठाईला राखी, पोळा, गणपतीपासून दिवाळीपर्यंत उसंत नसते. एका कारखान्यातून माणसे घरी पाठवली जातात, त्याच महिन्यात दुसरा कारखाना माणसे शोधत असतो, आणि दोघांच्या मध्ये पाच किलोमीटरचेही अंतर नसते.

संघटनेने सभासदांकडून पुढील बारा महिन्यांचा अंदाज महिनावार घ्यावा आणि एका मोठ्या तक्त्यावर मांडावा. कोणत्या महिन्यात किती माणसे मोकळी होतील आणि कुठे लागतील, हे त्यावरून कळते. इच्छुक कामगारांची नावे कक्षाने ठेवावीत, पण त्यांना स्वतःच्या हजेरीपटावर घेऊ नये, नाहीतर संघटनाच ठेकेदार होऊन बसते. कामगार ज्या कारखान्यात जाईल तिथे त्याला त्या कारखान्याचे नियुक्तिपत्र मिळावे. भविष्य निर्वाह निधीचा यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा खाते क्रमांक, आणि विमा योजनेचा क्रमांक मात्र तोच चालू राहावा. नवीन ठिकाणी नवा क्रमांक काढण्याची वाईट सवय आमच्याकडे होती आणि त्यात कामगाराची जुनी जमा अडकून पडे.

या जोडणीचा कामगाराला होणारा लाभ मोजून दाखवता येतो. राज्य विमा योजनेत आजारपणाचा लाभ मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि हा काळ ऑक्टोबर ते मार्च आणि एप्रिल ते सप्टेंबर असा असतो. नोव्हेंबर-डिसेंबरात संत्र्यावर सुमारे ५० दिवस काम करून घरी बसलेली बाई या लाभातून बाहेर राहते. तिलाच फेब्रुवारी-मार्चमध्ये मसाल्याच्या कारखान्यात काम मिळाले, तर तोच वर्गणी काळ ७८ दिवसांच्या पुढे जातो. हा हिशेब आम्ही कामगारांच्या बैठकीत फळ्यावर मांडतो, कारण विम्याची कपात पगारातून का होते, हे त्यांना यामुळे प्रथमच पटते.

रात्रपाळी आणि ऊन यांचाही इथेच विचार करावा. संध्याकाळी सातनंतर किंवा सकाळी सहापूर्वी महिलांना कामावर ठेवायचे, तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था हवी. बुटीबोरीला एकेका कारखान्याची स्वतंत्र गाडी परवडत नाही, पण चार कारखान्यांनी पाळीची वेळ एक केली की एक बस भरते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो आणि भट्टीजवळ तर उभेही राहवत नाही. तळणीची पाळी पहाटे पाचला सुरू करून बारापर्यंत संपवणे, ताक आणि पाण्याची सोय ठेवणे, या बदलांना खर्च थोडाच येतो. मात्र पहाटेच्या या पाळीवर महिला असतील, तर त्यांची संमती आणि येण्याजाण्याची गाडी आधी ठरवावी, मग वेळ बदलावी.

नवीन भरतीसाठीची योजना

१ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांसाठी प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना आहे. प्रथमच नोकरीला लागणाऱ्याला एका महिन्याचे वेतन, कमाल १५,००० रुपये, दोन हप्त्यांत मिळते. मालकाला प्रत्येक अतिरिक्त कामगारामागे दरमहा कमाल ३,००० रुपये दोन वर्षे मिळतात आणि उत्पादन क्षेत्रात ही मुदत चार वर्षांची आहे. ५० पेक्षा कमी माणसे असलेल्याने किमान दोन आणि ५० किंवा अधिक असलेल्याने किमान पाच अतिरिक्त माणसे घेऊन ती सहा महिने टिकवली पाहिजेत. सभासदांचे भविष्य निर्वाह निधीचे मासिक विवरण वेळेवर आणि अचूक भरले जाते का, एवढे कक्षाने पाहिले तरी पुरे, कारण सगळा लाभ त्यावरच अवलंबून आहे.

पगार आणि माणसांची पळवापळवी

कोणत्या पदाला किती पगार चालू आहे, हे सभासदांना हवे असते आणि संघटनेकडे ती माहिती सहज जमते. ती एकत्रित स्वरूपात, कोणत्याही कारखान्याचे नाव न घेता द्यावी. परंतु ‘यापेक्षा जास्त पगार कोणीच द्यायचा नाही’ किंवा ‘एकमेकांची माणसे घ्यायची नाहीत’ असा ठराव संघटनेच्या बैठकीत कधीही होऊ देऊ नये. असे ठराव स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कक्षेत येऊ शकतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्या कामगाराने मेहनतीने काम शिकून घेतले, त्याचाच रस्ता अशा ठरावाने बंद होतो.

तरीही ज्या सभासदाने खर्च करून माणूस तयार केला, त्याची नाराजी खरी असते. आमच्याकडे यावर प्रशिक्षणाचा सामाईक निधी हा उपाय निघाला. प्रत्येक सभासद आपल्या कामगारांच्या संख्येनुसार वार्षिक वर्गणी देतो, वर्ग, मूल्यमापन आणि प्रशिक्षकाचे मानधन त्यातून भागते, त्यामुळे माणूस एका सभासदाकडून दुसऱ्याकडे गेला तरी त्याच्यावरचा खर्च कोणा एकट्याचा बुडत नाही. सोडून जाणाऱ्याचा अनुभवाचा दाखला, शिकाऊ उमेदवारीची वही आणि यूएएनवरची बाहेर पडल्याची तारीख सात दिवसांत पूर्ण करून द्यायची, असे सर्व सभासदांनी मान्य केले आहे. कक्षात त्या दिवशी दोन नोंदी होतात : ज्या कारखान्यातून माणूस गेला, त्याच्या यादीतल्या त्या पदाभोवती पुन्हा तांबडे वर्तुळ पडते, आणि तिथे पुढचा शिकाऊ उमेदवार किंवा बदली माणूस केव्हा पाठवायचा, हे सांगणारा फोन संध्याकाळपर्यंत त्या सुपरवायझरला जातो.